वळेल ती मोटार

मोटारीविषयी आपल्या समाजात तीनच प्रश्न विचारले जातात. केवढ्याला घेतली, ॲव्हरेज काय देते आणि किती पळते. वळते का, हा प्रश्न मी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. थांबते का, हा त्याच्या खालोखाल न विचारला जाणारा. स्थळ पाहायला गेलेली मंडळी पगार विचारतात, फ्लॅट विचारतात, गच्चीवर हक्क आहे का तेही विचारतात; पण मुलाला राग आला की तो काय करतो हे विचारत नाहीत, त्यातलाच हा प्रकार. पळणं सगळ्यांना दिसतं. वळणं फक्त वळणावर दिसतं, आणि तेव्हा बघायला वेळ नसतो.

हे आज इतक्या तावातावाने लिहिण्याचं कारण म्हणजे आमच्या परिचयातले एक गृहस्थ. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही, सगळा परिसर त्यांना डुक्करवाले म्हणूनच ओळखतो. गैरसमज नको, व्यवसाय विम्याचा आहे. त्यांच्याकडे डुक्कर फियाट आहे. ज्यांचा जन्म मारुतीनंतरचा आहे त्यांच्यासाठी खुलासा: १९५३ साली इटलीच्या फियाट कंपनीने आपली ११०० नावाची गाडी नव्या रूपात आणली. तीच पुढे मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातून आपल्याकडे धावू लागली, आणि तिची गोल पाठ आणि फुगीर नाकाड पाहून मुंबईकरांनी तिचं बारसं केलं. पुढची दारं उलट्या बाजूने उघडायची, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, इंजीन १०८९ सीसीचं. हिच्याच घराण्यातली पुढची पिढी म्हणजे पद्मिनी, जिने मुंबईकरांना काळी-पिवळी होऊन ऑक्टोबर २०२३ पर्यंत ऑफिसात पोचवलं. म्हणजे डुक्कर हे नाव ठेवण्यापुरतं. वंश खानदानी.

डुक्करवाले तिला व्हिंटेज म्हणतात. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबाला विचाराल तर १९३० नंतरची गाडी व्हिंटेज नव्हेच. आपल्या सरकारने मात्र २०२१ च्या नियमांत पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीला व्हिंटेज ठरवून टाकलं. (माणसाला ज्येष्ठ व्हायला साठ लागतात, मोटारीला दहा वर्षांची सूट.) तेव्हा डुक्करवाले कायद्याने बरोबर आहेत, आणि माझा वाद त्यांच्या विशेषणाशी नाही. माझा वाद त्यांच्या यादीशी आहे.

झालं असं की त्यांनी गाडी शर्यतीत उतरवायचं ठरवलं. शर्यत म्हणजे फार काही मनात आणू नका. मोकळं मैदान, नारिंगी प्लास्टिकचे शंकू, एका वेळी एक गाडी, स्टॉपवॉच धरलेला एक गंभीर चेहऱ्याचा मनुष्य आणि मुबलक चहा. याला ऑटोक्रॉस म्हणतात. हौशी लोकांसाठी हा उत्तम खेळ आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. एके काळी मद्रासजवळ शोलावरमच्या जुन्या विमान-धावपट्टीवर फियाट, हेराल्ड, अँबॅसेडर अशा तुमच्याआमच्या गल्लीतल्या गाड्याच पळायच्या आणि लोक उन्हात उभे राहून बघायचे. जुनी मोटार मखमली दोरीच्या आड उभी करून तिच्यासमोर वधूवरांचे फोटो काढण्यापेक्षा तिला धुरळ्यात पळवणं मला शतपटीने मान्य आहे. मोटार ही चालवायची वस्तू आहे. तिला हार घालायचे असतील तर दसऱ्याला घाला.

पण डुक्करवाल्यांची यादी पाहा. जोड-कार्बोरेटर. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर. सिलिंडर हेडचं काम. बॉनेटपासून डिकीपर्यंत दोन पांढरे पट्टे. लहानसं, कातडी वेष्टणाचं स्टिअरिंग चक्र. रुंद टायर. आणि शेवटी, वाण्याच्या यादीत हळद-मोहरीनंतर "काडेपेटी १" लिहावं तसं: "सस्पेन्शन, बघून घेणे."

बघून घेणे! अहो, शंकूंच्या त्या मैदानात सरळ रस्ता असतो किती? पन्नास-साठ पावलं. तिसरा गिअर पडेपर्यंत पुढचं वळण नाकासमोर उभं. तिथे पाच अश्वशक्ती वाढवून तुम्ही काय मिळवणार? वळणावर पाच अश्वशक्तीने जास्त घाबरणार, इतकंच. वेळ मिळतो तो गाडी किती उशिरा ब्रेक मागते, किती निमूट वळते आणि वळून किती लवकर सरळ होते यावर. या तिन्ही गोष्टी बॉनेटखाली नाहीत, गाडीखाली आहेत. आणि गाडीखाली कोणी बघत नाही, कारण त्यासाठी आडवं व्हावं लागतं.

आमच्या भागात एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांच्या गॅरेजच्या बाकावर बसून चहा पिण्याचा मला चाळीसेक वर्षांचा अनुभव आहे आणि मोटारविद्येतली माझी पदवी ती हीच. त्यांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "साहेब, घोडा तगडा करताय आणि लगाम सुतळीचा ठेवताय."

मग त्यांनी पुढचं चाक जॅकवर उचललं. चाकाला घड्याळ समजायचं. बारा आणि सहाच्या जागी हात धरून हलवायचं. चाक खटखटलं. आता कोणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला लावायचा. खटखट थांबली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. थांबली नाही तर किंगपिनचा. डुक्करवाल्यांच्या गाडीची थांबली नाही. मग तीन आणि नऊच्या जागी हात. तिथेही खटखट, म्हणजे टायरॉडचे एंड गेले. या साऱ्या परीक्षेला खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि अवजार म्हणाल तर दोन हात. तरी ती कोणी करत नाही. सायलेन्सरची जाहिरात येते. किंगपिनची जाहिरात तुम्ही कधी पाहिलीत?

डुक्करवाले म्हणाले, "थोडा प्ले असतोच हो जुन्या गाडीत. तेवढं कॅरेक्टर असतं."

हा "कॅरेक्टर" शब्द ज्याने मोटारींच्या बाबतीत रूढ केला त्याला मी शोधतो आहे. ताशी साठ किलोमीटरला गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त जाते. तुमचं कॅरेक्टर आवळून संपेपर्यंत पाव सेकंद गेला तर गाडी चार मीटर सरळ गेली. चार मीटर म्हणजे जवळजवळ आणखी एक फियाट. त्या चार मीटरांत शंकू असेल तर हरकत नाही, शंकू प्लास्टिकचाच असतो. पण आपल्याकडे शर्यत बघायला येणारी पोरं कुठे बसतात, तुम्हाला ठाऊक आहे. बरोब्बर वळणाच्या बाहेरच्या अंगाला, कारण तिथून "छान दिसतं".

आता यावरचा लोकप्रिय उपाय ऐका. स्टिअरिंगच्या पेटीवर एक स्क्रू असतो. तो पिळला की प्ले जातो. कुठलाही पोऱ्या दोन मिनिटांत पिळून देतो आणि मालक खूष होऊन त्याला चहाला पैसे देतो. पण पेटीतलं ते मळसूत्र, ज्याला वर्म म्हणतात, ते सगळीकडे सारखं झिजत नाही. गाडीचं बहुतेक आयुष्य नाकासमोर चालण्यात जातं, त्यामुळे ते मधोमध झिजतं आणि दोन्ही कडांना नव्यासारखं राहतं. मधला सैलपणा काढायला स्क्रू आवळलात की कडांना पेटी जाम. म्हणजे सरळ रस्त्यावर गाडी झकास, आणि पूर्ण वळण घेतलं की स्टिअरिंग अडकून बसणार, हात सोडला तरी परत न येणारं. शर्यतीला हवं त्याच्या अगदी उलट! झिजलेला भाग बदलणं हाच उपाय. पण तो महाग नसला तरी किचकट आहे, आणि किचकट कामाला आपल्याकडे "बघून घेणे" म्हणतात.

दुसरा पंथ स्प्रिंग कापणाऱ्यांचा. यांच्याविषयी लिहिताना माझा रक्तदाब वाढतो, म्हणून थोडक्यात लिहितो. शर्यतीच्या गाड्या जमिनीलगत असतात हे यांनी चित्रात पाहिलेलं असतं. मग गॅसकटर आणून पुढच्या स्प्रिंगचा एक वेढा उडवायचा. आठ वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग सुमारे चौदा टक्के कडक होते. शॉक ॲब्सॉर्बर मात्र जुनाच, त्याला ही बातमी कोणी कळवत नाही. कटरच्या आचेने पोलादाचं पाणी उतरतं ते वेगळंच. गाडी चार बोटं खाली बसते, चाक धरणारे दोन्ही आर्म बाहेरच्या टोकाला वर चढतात, आणि गाडी ज्या अदृश्य बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली जातो. परिणामी झुकणं कमी करायला जी गाडी खाली आणली ती जास्त झुकू पाहते. शिवाय टायरॉड आणि आर्म यांचं गणित बिघडतं, आणि प्रत्येक खड्ड्यात चाक आपल्या मनाने थोडं डावी-उजवीकडे बघून घेतं. म्हणजे स्टिअरिंग तुम्ही धरायचं आणि गाडी खड्ड्यांनी चालवायची.

"पण कडक असली की रेसिंग वाटते," असं डुक्करवाल्यांचं म्हणणं. अहो, खाटही कडक असते. स्प्रिंगचं काम मालकाला हादरे देऊन पराक्रमाची भावना उत्पन्न करणं हे नव्हे. टायर जमिनीला चिकटून राहावा एवढंच तिचं काम. आपली मैदानं इंग्लंडच्या हिरवळीसारखी नाहीत. तिथे कडक गाडी बेडकासारखी उड्या मारत जाते, आणि हवेतल्या चाकाला वळता येत नाही.

तिसरा पंथ सोवळ्यातल्यांचा. हे गाडीतला एकही भाग बदलू देत नाहीत. "ओरिजिनल बुश आहे!" असं सांगताना यांचा आवाज पणजोबांच्या पगडीविषयी बोलावं तसा होतो. आता तो २०२१ चा नियम म्हणतो की सांगाडा, बॉडी आणि इंजीन यांत मोठे फेरफार नकोत. चांगलंच आहे. (जोड-कार्बोरेटरवाल्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.) पण सत्तर वर्षांचं रबर जपून ठेवा, असं त्यात कुठे म्हटलंय? रबर ही नाशवंत वस्तू आहे. इडलीच्या पिठासारखी. ते कडक होतं, चिरतं, आर्म आतल्या आत सरकतो, आणि तुम्ही केलेलं अलाइनमेंट त्या क्षणी इतिहासजमा होतं. मूळ नमुन्याचाच नवा बुश बसवणं यात भ्रष्टाचार काहीच नाही.

मात्र बसवताना एक मेख आहे, आणि दहातल्या नऊ ठिकाणी ती चुकवतात. गाडी जॅकवर टांगलेली, चाकं लोंबकळलेली, अशा स्थितीत बुशचा नट आवळला की रबर त्या लोंबत्या अवस्थेतच पकडलं जातं. गाडी खाली उतरवली की ते पिळलं जातं आणि मग मरेपर्यंत पिळलेलंच राहतं. मरणंही फार लांब नसतं. नट शेवटचा आवळायचा तो गाडी आपल्या वजनाने चाकांवर उभी असताना. किंगपिनला ग्रीस मारायचं त्याच्या उलट: चाक उचलून. वजन असताना ग्रीस मोकळ्या बाजूने पळून जातं, दबलेल्या बाजूला जातच नाही. एवढ्या दोन गोष्टी जरी सगळ्या गॅरेजांच्या भिंतींवर, त्या नट्यांच्या कॅलेंडरशेजारी, लिहून ठेवल्या तरी देशाचं पुष्कळ रबर वाचेल.

हे सगळं मी हसत लिहीत होतो. पण त्या दिवशी मिस्त्रींनी बॅटरी मारून मला खाली बोलावलं आणि एक जागा दाखवली, तेव्हा माझं हसू आटलं. टायरॉडच्या एका टोकाच्या नटाला भोकं असतात, त्यांतून कॉटर पिन घालून ती दुमडतात, म्हणजे नट फिरून सुटू नये. त्या भोकांतून पिन नव्हती. बांधकामावर सळ्या बांधतात ती तार होती, दोन पिळे दिलेली, आणि त्यातला एक गंजून तुटलेला. मागे कुठल्याशा गॅरेजात काम झालं तेव्हा पिन सापडली नसेल. पिन ही मोटारीतली बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू. तिच्या जागी तार. आणि डुक्करवाले आतापर्यंत या गाडीतून सहकुटुंब लोणावळ्याला जाऊन आलेले.

शिवाय शर्यतीत गाडी चालवणार होता त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा. हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

तेव्हा मी डुक्करवाल्यांना जे बोललो ते इथे छापण्यासारखं नाही. सारांश असा: पट्टे नंतर. आधी स्टिअरिंगचा प्रत्येक लोखंडी भाग उतरवायचा, रॉकेलमध्ये बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा आणि खडूची पूड लावायची. कुठे बारीक चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. रेघ दिसली की तो भाग भंगारात. वेल्डिंग नाही, तापवून सरळ करणं नाही, "चालून जाईल" तर नाहीच नाही. मग किंगपिन, बुश, बेअरिंग, टायरॉडचे एंड. मग शॉक ॲब्सॉर्बर, चारही, कारण एक नवा आणि तीन जुने म्हणजे बँडमध्ये एकाच वादकाला तालीम दिल्यासारखं. मागचे पाटे सोडवून, घासून, बसके झाले असतील तर पुन्हा बाक देऊन, डावे-उजवे सारखे करून घ्यायचे. ब्रेकचे ड्रम त्याच वेळी उघडायचे, कारण तेवढ्यासाठी मुद्दाम पुन्हा चाक कोणी काढत नाही. आणि ते लहान स्टिअरिंग चक्र दुकानदाराला परत. मूळचं मोठं चक्र इटालियन लोकांनी हौसेखातर मोठं केलेलं नाही. चक्र लहान झालं की तेच चाक वळवायला जोर जास्त लागतो. रुंद टायर आणि लहान चक्र एकत्र आले की तो व्यायामशाळेचा विषय होतो.

डुक्करवाले म्हणाले, "एवढं सगळं करून दिसणार काय? बाहेरून तर तश्शीच!"

खरं दुखणं हे. बुश दिसत नाही. त्याला हात लावून पाहुणे "वा" म्हणत नाहीत. नव्या किंगपिनसमोर उभं राहून कोणी फोटो काढत नाही. एका लाखाच्या कामातले नव्वद हजार जिथे फक्त कुत्रं झोपतं त्या जागी खर्च करायला जो तयार आहे, त्यालाच जुनी गाडी पळवायचा हक्क आहे, असं मी म्हणतो. बाकीच्यांनी पट्टे मारून दारात उभी करावी. तीही सुंदर दिसते, आणि कोणाला लागत नाही.

आणि हे काम फक्त पैसेवाल्यांचं, परदेशी यंत्रांचं, असंही कोणी समजू नये. लोटसचा जनक कॉलिन चॅपमन याने १९४८ साली आपली पहिली गाडी एका जुन्या ऑस्टिन सेव्हनमधून उभी केली, तीही होणाऱ्या सासुरवाडीच्या गॅरेजात. (आपल्याकडे जावई गाडी मागतो, त्याने फक्त गॅरेज मागितलं.) आणि त्याची पुढची सगळी कीर्ती मोठ्या इंजिनांमुळे झाली नाही, हलक्या आणि नीट वळणाऱ्या गाड्यांमुळे झाली. चाकांची दिशा तपासायला सुतळी पुरते: चारही चाकांच्या आसाच्या उंचीवर ताणून बांधायची आणि रिमच्या पुढच्या-मागच्या कडेपासून अंतर मोजायचं. चाक उभ्यात किती कललंय हे बघायला गवंड्याचा ओळंबा आणि मोजपट्टी. रिम चौदा इंची असेल तर वरच्या आणि खालच्या कडेत सहा मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ एक अंश. यापेक्षा भारी गणित आमच्या वेळी सातवीला असायचं. फक्त जमीन सपाट हवी, आणि घाई नको.

घाई अर्थात होतीच, कारण शर्यतीची तारीख जाहीर झालेली. मिस्त्री म्हणाले, तारखेला गाडी होणार नाही. डुक्करवाले दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वहिनींनी मात्र पट्ट्यांचे पैसे रंगाऱ्याकडून परत आणले आणि मिस्त्रींच्या हातावर ठेवले. मला वाटतं, ती तार कोणीतरी त्यांना दाखवली असावी.

ती तारीख तशीच गेली. परवा सहज डोकावलो तर मुलगा पुढच्या चाकाशी उकिडवा बसून ओळंबा धरत होता आणि डुक्करवाले मागून उजेड दाखवत होते.

"किती?" मी विचारलं.

"डावीकडे आठ, काका, उजवीकडे तीन," तो मान वर न करता म्हणाला. "पाच मिलिमीटरचा फरक आहे. पत्र्या काढून पुन्हा लावाव्या लागतील. बाबा, उजेड हलवू नका ना."